पगाराची झाडं

कंपनीनं पगाराच्या बदल्यात वस्तू न्यायला सांगितलं, त्या दिवशी पोथनसाहेब सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले आणि सगळ्यांच्या शेवटी आत गेले. माणूसच तसा. दारापाशी आले की मागच्याला म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे." त्या दिवशी मागचे सगळे पुढे झाले.

आमची कंपनी झाडं आणि हिरवळ लावायची. दुबईत नवी वस्ती उठायची म्हणजे आधी झाडं लागायची, मग घरं. गिऱ्हाईक झाडं बघून घर बुक करायचं. रमजानपासून बिल्डरांनी आमचे पैसे थांबवले. बकरी ईदच्या तोंडावर बातमी आली की शहरातल्या बड्या कंपनीनंच कर्ज देणाऱ्यांकडे मुदत मागितली आहे. ईद झाली आणि आमच्या मॅनेजरनं, नबीलसाहेबानं, हात वर केले. तो लेबनॉनचा, गळ्यात कायम टाय. त्या दिवशी टाय नव्हता.

"कोर्टात गेलात तर वर्ष जाईल," तो म्हणाला. "बँकेचे लोक कुलूप घालायला येतील त्याच्या आत ज्याला जे उचलता येईल ते उचला. मी सही करून देतो."

अकाउंटवाल्यानं कॉम्प्युटर उचलले. आराखडे काढणाऱ्या दोघा इजिप्शियनांनी एसी भिंतीतून उपटला, भिंतीचा तुकडाही बरोबर गेला. फोनवर बसणारी मारिविक काचेची माशांची टाकी छातीशी धरून बाहेर आली, पाणी हिंदकळून तिचा स्कर्ट भिजला होता, आणि ती माशांनाच धीर देत होती. मी शफिकुल, बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा, कंपनीचा पाण्याचा टँकर चालवायचो. मला टँकर मिळाला. त्याचा नळ गळत होता आणि ब्रेक दोनदा दाबावा लागायचा, पण चार महिन्यांच्या पगारात वाईट नव्हतं.

पोथनसाहेब आत गेले तेव्हा खोलीत नबीलसाहेब आणि त्याची खुर्ची एवढंच उरलं होतं, आणि खुर्चीवर तो बसलेला होता.

"पोथन, तू कुठे होतास रे?" त्याला खरंच वाईट वाटलं. बराच वेळ त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तळ्याच्या प्रकल्पावर फाटकापाशी खजुराची बारा झाडं आहेत. बिल्डरनं त्यांचे पैसे दिलेच नाहीत, म्हणजे ती अजून आपली. घेऊन जा."

"झाडं?"

"मोठी आहेत. छान आहेत. मी कागद करतो."

पोथनसाहेब कागद घेऊन बाहेर आले. पन्नाशीला टेकलेले, पोट सुटलेलं, कोट्टायमकडचे मल्याळी ख्रिश्चन. बावीस वर्षं त्यांनी कंपनीच्या गोदामात बसून झाडांचा हिशेब ठेवला होता, पण झाडाला हात लावलेला कुणी बघितला नव्हता. मला म्हणाले, "शफिकुल, बारा झाडं म्हणजे बरेच पैसे होतील, नाही?"

मी म्हणालो, "होतील की, साहेब." माणूस उभ्या उभ्या पांढरा पडला होता. दुसरं काय म्हणणार?

* * *

आम्ही राशिदियातल्या एका जुन्या व्हिलात राहायचो. पुढच्या दोन खोल्या पोथनसाहेबांच्या आणि फाटकाजवळची पत्र्याची खोली माझी; इतकी वर्षं शेजारी राहून त्यांचं मल्याळम मला कळायचं. मधल्या खोल्यांत आधी दोन कुटुंबं होती, ती नाताळाआधीच सामान विकून गावी गेली. घरात पोथनसाहेब, त्यांची बायको ग्रेसी आणि ग्रेसीची आई मरियाम्मा. ग्रेसी एका दवाखान्यात नर्स होती, तिचाही पगार कापून अर्ध्यावर आणला होता. मुलगी तिकडे मंगळूरला शिकत होती. मरियाम्मा, म्हणजे सगळ्यांची अम्मच्ची, व्हिजिट व्हिसावर लेकीकडे आली होती. सत्तरीची, अंगात पांढरी सैल चट्टा, खाली नेसलेलं पांढरं मुंडू, कानात जड कड्या. गावी तिच्या नारळाच्या बागा होत्या आणि जगातल्या प्रत्येक झाडाला ती नारळाच्या मापानं मोजायची.

"खजूर?" ती म्हणाली. "पाव किलो आणला असतास तर चहाबरोबर खाल्ला असता. झाडं कशाला?"

"अम्मच्ची, ती विकायची आहेत."

"कुणाला? सगळं गाव सामान विकतंय. परवा त्या खालच्या गल्लीतल्या गोऱ्यानं कुत्रा विकायला काढला होता. घेतला का कुणी?"

ग्रेसी ड्युटीवरून आली होती. बूट काढून पाय बादलीत सोडून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "भाड्याचं काय?"

भाड्याचा चेक आधीच लिहून दिलेला, मार्चच्या पहिल्या तारखेचा होता आणि तो घरमालकिणीच्या पर्समध्ये पडून होता. इथे चेक परत आला की पोलीस माणसाला धरून नेतात. बादलीतलं पाणी गार झालं होतं, पोथनसाहेब उठले आणि किटलीतलं गरम पाणी त्यात ओतून आले.

* * *

तळ्याच्या प्रकल्पावर तळं नव्हतं. मोठा खड्डा होता आणि खड्ड्याच्या काठावर तळ्याचं चित्र असलेली पाटी होती. चित्रात एक गोरी बाई होडीत बसली होती. फाटकापाशी दोन्ही बाजूंना सहा सहा खजूर उभे, अजून लाकडी टेकू लावलेले. वर्षापूर्वीच लावलेले होते, म्हणून मुळं फार पसरली नव्हती.

खणायला मी आणि कंपनीचे सुटलेले चार गडी होतो, जेवणाच्या बोलीवर. पोथनसाहेबही आले, इस्त्रीच्या पँटीत आणि ऑफिसच्या बुटात. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही सावलीत बसा."

"सावली माझ्याच झाडांची आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फावडं घेतलं.

डिसेंबरचं ऊन असलं तरी ऊनच ते. वाळू वरून कोरडी, हातभर खाली ओली आणि दगडासारखी. पोथनसाहेब एक फावडं काढायचे आणि थांबून त्याच्याकडे बघायचे. दुपारपर्यंत हाताला फोड आले, ते फुटले, मग त्यांनी रुमाल गुंडाळला. वाकले की पँट खाली जायची आणि उभे राहिले की वर ओढायची, त्यात अर्धा वेळ जायचा. गडी आपसात हसायचे, पण दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकानं त्यांच्यासाठी दोरी आणली, पँट बांधायला.

चौथ्या दिवशी जरवली नावाचा पठाण क्रेनचा ट्रक घेऊन आला. त्याचीही कंपनी बुडाली होती, ट्रक त्यानं कुणाच्या परवानगीनं आणला होता ते आम्ही विचारलं नाही.

"भाडं काय घेणार?" पोथनसाहेबांनी विचारलं.

"पैसे आहेत?"

"नाहीत."

"मग एक झाड द्या. अजमानला माझ्या भावाची जागा आहे. खजूर खाऊ, तुम्हाला दुवा देऊ."

तेवढ्यात प्रकल्पावरचा पहारेकरी धावत आला. नेपाळी पोरगा होता, त्यालाही पगार नव्हता, पण डोक्यावर टोपी होती. "झाडं न्यायची नाहीत," तो म्हणाला.

पोथनसाहेबांनी कागद दाखवला. त्यानं तो उलटासुलटा बघितला. मग हळू आवाजात विचारलं, "कंपनी पगारात झाडं देते का? मग मला पण काहीतरी सांगा ना." आम्ही इकडेतिकडे बघितलं. शेवटी जरवलीनं क्रेननं ती होडीतल्या बाईची पाटी उतरवून दिली. पत्रा जाड होता. पोरगा खूष झाला, म्हणाला, आता खोली गळणार नाही.

* * *

झाडं ठेवायची कुठे, तर व्हिलाच्या अंगणात. त्यासाठी पोथनसाहेबांनी मालकिणीला फोन केला होता. मालकीण म्हणजे उम्म खलफान, खलफानची आई. इथलीच म्हातारी, मुलगा मोठा ऑफिसर, पण भाडी स्वतः गोळा करायची. तिचे वडील मोत्यांच्या व्यापारात मुंबईला जायचे, म्हणून हिंदी बोलायची, जुन्या वळणाची.

"अंगणात झाडं लावू का?"

"कसली?"

"खजुराची. अकरा."

"तुझ्या खर्चानं?"

"हो."

"लाव. पाणी माझ्या मीटरचं नाही."

अकरा झाडं लागली. अंगणात जायला यायला वाट उरली नाही. पाणी मी टँकरनं आणायचो, शहराच्या गटाराचं शुद्ध केलेलं पाणी, झाडांना तेच चालतं आणि तेच परवडतं. शुद्ध म्हणजे म्हणायला. मी नळ सोडला की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. अम्मच्ची नाकाला मुंडूचं टोक लावून पायरीवर बसायची आणि म्हणायची, "पोथा, तुझ्या पगाराला वास येतो रे."

विकायला पोथनसाहेब सगळीकडे फिरले. नर्सरीवाले त्यांना आपल्याच नर्सऱ्या विकायला बघत होते. हॉटेलवाल्यानं सांगितलं, आहेत तीच काढणार आहोत, पाणी परवडत नाही. एक ब्रिटिश बाई आली, झाडं तिला फार आवडली, तिनं सगळ्यांचे फोटो काढले. मग म्हणाली, मी पुढच्या आठवड्यात कायमची परत चालले आहे, आठवण म्हणून काढले.

जानेवारीत उम्म खलफान भाडेकरू किती उरले ते बघायला आली. काठी टेकत फाटकातून आत शिरली, पहिल्या झाडापाशी थांबली आणि वर बघितलं. दुसऱ्यापाशी गेली. तिसऱ्यापाशी पोचेपर्यंत तिचे खांदे हलायला लागले होते. तोंडावर बुरख्याची पट्टी होती, त्यामुळे आम्हाला आधी वाटलं, म्हातारीला उबळ आली. ग्रेसी पाणी घेऊन धावली.

"कुणी दिली तुला ही?" हसू आवरत तिनं पोथनसाहेबांना विचारलं.

"कंपनीनं. पगारात."

"ह्यांना खजूर लागणार नाही."

"पुढच्या वर्षी..."

"कधीच नाही. हे सगळे नवरे आहेत." तिनं काठीनं एकेकाला दाखवलं. "हा नवरा, हा नवरा, हा पण नवरा. बायको एकही नाही. बिल्डर लोक मुद्दाम नर लावतात. खजूर खाली पडून फरशी चिकट होत नाही, आणि स्वस्त मिळतात. पन्नास बायकांना एक नवरा पुरतो, बाबा. तू अकरा घेऊन बसलास."

ग्रेसीनं हे अम्मच्चीला मल्याळममध्ये सांगितलं. नारळात असला भेद नसतो, त्यामुळे अम्मच्चीला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर तिनं अंगणातल्या झाडांकडे बघितलं, मग जावयाकडे बघितलं.

"म्हणजे कामाशिवाय नुसते उभे," ती म्हणाली. "बारावा घरात आहे."

दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींची भाषा न कळता हसल्या. पोथनसाहेबसुद्धा हसले थोडे, सभ्य माणूस. पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. ग्रेसीनं ताट झाकून ठेवलं आणि आईला पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली, "अम्मच्ची, पुरे झालं आता."

दुसऱ्या दिवशी मी टँकर लावला, तर अम्मच्चीनं पाइप माझ्या हातातून घेतला आणि नाकाला काही न लावता एकेका झाडाच्या बुडाशी धरला.

त्याच आठवड्यात जरवलीचा फोन आला. कुणीतरी त्यालाही सांगितलं होतं. "साहेब, तुम्ही मला नर दिलात."

"मलाही नरच मिळाले, जरवली."

तो म्हणाला, "माझा भाऊ रोज विचारतो, खजूर कधी. त्याला मी काय सांगू?"

"सांग, खूप पाणी घाल म्हणून," पोथनसाहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली लबाडी.

* * *

दोन झाडं वाळली. उरलेल्यांच्या डोक्यात फेब्रुवारीत पोया फुटायला लागल्या. पोय म्हणजे फुलांचं तपकिरी म्यान, हाताएवढं लांब. पहिली अम्मच्चीनं बघितली. "आमच्या नारळाची असते तशीच," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात त्या झाडांबद्दल आपलेपणा आला.

मी टँकर भरायला जायचो तिथला एक ड्रायव्हर म्हणाला, भाजीबाजाराच्या मागे नराच्या पोया विकत घेतात, त्यांची पूड घातली तरच मादीला फळ धरतं म्हणून बागावाले येतात, आत्ताच दिवस आहेत. मी ते साहेबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की?"

शिडी लावून आम्ही पोया कापल्या. खजुराच्या पात्याच्या बुडाशी बोटाएवढे काटे असतात. पोथनसाहेबांचा हात कोपरापर्यंत ओरबाडला, एक काटा नखाखाली गेला, तो ग्रेसीनं दवाखान्यातला चिमटा आणून काढला. म्यान फुटलं की आत पांढऱ्या लोंब्या, भाताच्या कणसासारख्या, आणि हलवल्या की पिठासारखी पूड. ती कपड्यांवर बसायची, मिशीवर बसायची. तिला एक वास असतो. तो कशासारखा ते बायकांसमोर कुणी बोललं नाही. अम्मच्ची म्हणाली, "कणकेसारखा," आणि आम्ही म्हणालो, हो, कणकेसारखा.

बाजारात टँकरच्या मागे चादर पसरून साहेब बसले. बागावाले यायचे, लोंबी झटकून हातावर पूड घ्यायचे, किंमत पाडून मागायचे. साहेबांना घासाघीस जमेना. कुणी अर्ध्यात मागितलं की ते म्हणायचे, "ठीक आहे, घ्या." तिसऱ्या दिवसापासून अम्मच्ची बरोबर यायला लागली. तिला एक शब्द अरबी येत नव्हता. गिऱ्हाईक किंमत बोललं की ती पोय त्याच्या हातातून काढून परत चादरीवर ठेवायची. एवढ्यानंच भाव वाढला.

एकदा साहेबांनी अचानक एक मोठी पोय उचलून तोंडासमोर धरली. मी बघितलं, समोरून तंकच्चन येत होता. त्यांच्या चर्चमधला माणूस, फ्लॅट विकायचा, दर रविवारी नवी गाडी. पोय लपायला पुरत नव्हती.

"पोथन?"

"अरे, तंकच्चन. कसं चाललंय?"

"उत्तम. तुझं?"

"उत्तम. बागायतीचं थोडं बघतोय."

"वा. मी पण जरा बदल म्हणून..." तंकच्चननं मागे हात केला. त्याची गाडी पलीकडे उभी होती, डिकी उघडी, आत कोट हारीनं टांगलेले, प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी. एक सुदानी माणूस त्यातला एक घालून आरशात बघत होता.

मग तंकच्चन म्हणाला, "चहा घेऊ या का?" साहेब म्हणाले, "घेऊ की." पैसे कुणी द्यायचे ह्यावरून टपरीवर दोघांची बरीच ओढाताण झाली आणि शेवटी मी दिले.

* * *

पोया विकून किराणा सुटला, मुलीला थोडे पाठवता आले. भाडं काही जमलं नाही. मार्च जवळ आला. साहेबांनी ग्रेसीला सांगितलं, "मला पोलिसांनी नेलं तर तू आणि अम्मच्ची गावी जा." ते सांगताना ते भांडी घासत होते. ग्रेसी म्हणाली, "तुम्ही आधी ते भांडं नीट घासा," आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

चेकच्या तारखेच्या दोन दिवस आधी उम्म खलफान आली. ह्या वेळी ती भाड्याचं बोललीच नाही. झाडांच्या डोक्यात उरलेल्या पोया मोजत राहिली.

"माझा बलुची माणूस गावी गेला," ती म्हणाली. "वीस वर्षं माझी बाग तो बघायचा. त्याचा मुलगा इथे गवंडी होता, काम गेलं, दोघंही गेले. रस अल खैमाला माझ्या बायका फुलून उभ्या आहेत आणि वर चढायला कुणी नाही. आठवड्यात पूड घातली नाही तर ह्या वर्षी खजूर नाही."

"उरलेल्या पोया घेऊन जा," साहेब म्हणाले. "पैसे नकोत, भाड्यात..."

"पोया बाजारात मिळतात. चढणारा मिळत नाही. तू चढ."

"मी?"

"तू पगार म्हणून झाडं घेतलीस ना? मग झाडाचं काम कर. पूर्ण बाग कर, उन्हाळ्यात खजूर उतरवायला ये. चेक मी वर्षभर बँकेत टाकत नाही."

साहेबांनी पोटाकडे बघितलं. "उम्म खलफान, मला उंचीची भीती वाटते."

"पोलिसांची वाटत नाही?"

ग्रेसी दारात उभी होती. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली, होय अशी की नको अशी ते मला कळलं नाही. त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, "येतो."

शुक्रवारी सगळे टँकरमध्ये बसून गेलो. ग्रेसीनं सुट्टी टाकली होती. अम्मच्चीला नको म्हटलं होतं, तर ती आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसलेली. बाग जुनी, डोंगराच्या पायथ्याला. झाडं उंच, कुणाकुणाचा शेंडा बघताना टोपी पडेल. उम्म खलफान प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी घेऊन बसली. तिनं बलुच्याचा दोराचा पट्टा दिला, कमरेला घालायचा आणि झाडाला वेढा द्यायचा. पट्टा त्या बारीक माणसाचा होता. साहेबांच्या कमरेला तो पुरेना, मग मी टँकरची दोरी जोडली.

कसं करायचं ते तिनं खालून सांगितलं. मागे रेल, पट्टा वर झटक, पाय वर. बायकोची पोय फुटलेली असेल तिच्यात नराच्या दोनचार लोंब्या उलट्या खोचायच्या, पात्याच्या धाग्यानं सैल बांधायचं. झालं.

पोथनसाहेबांनी लोंब्यांची पिशवी गळ्यात अडकवली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि चढले. माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर जाऊन झाडाला मिठी मारून राहिले.

"तिथे काही नाही," उम्म खलफान म्हणाली. "वर."

"जरा दम घेतो."

"दम घ्यायला खाली जागा आहे."

ते आणखी दोन हात गेले. मग आणखी. शर्ट वर सरकून पोट खोडाला घासत होतं. अर्ध्यावर गेल्यावर त्यांचे हात थांबले. डोळे मिटलेले. मी म्हणालो, "साहेब, उतरा. बघू दुसरं काहीतरी." ते उतरेनात आणि चढेनात.

तेव्हा अम्मच्ची उठली. झाडाच्या बुडाशी गेली, पाय फाकून उभी राहिली आणि मुंडूचा पुढचा घोळ दोन्ही हातांनी धरून झोळीसारखा पसरला. गावी नारळ पाडताना बायका उभ्या राहत असतील तशी. सत्तरीची बाई, वजनाला साहेबांच्या निम्मी.

साहेबांनी एक डोळा उघडून खाली बघितलं.

"अम्मच्ची, बाजूला व्हा."

"तू तुझं काम कर."

"मी पडलो तर तुम्ही मराल."

"मग पडू नकोस," अम्मच्ची म्हणाली.

ग्रेसी तोंडावर हात धरून उभी होती. उम्म खलफाननं काय बोलणं झालं ते मला विचारलं, मी सांगितलं. तिनं मान डोलावली आणि काठी खाली ठेवली.

साहेब तसेच लटकलेले. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला, तो आम्हाला खाली ऐकू आला. मागे रेलले. पट्टा झटकला. पाय वर घेतला. पुन्हा. पुन्हा. शेंड्यात शिरले, काटे लागले असतील, मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटले. वरून पांढरी पूड खाली यायला लागली, अम्मच्चीच्या केसांवर, मुंडूवर. ती जागची हलली नाही.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "बांधली."

"सैल बांधलीस ना?" उम्म खलफाननं विचारलं.

"सैलच."

"मग ये खाली. पलीकडच्या वाट बघताहेत."

पोथनसाहेब खाली आले. जमिनीला पाय लागल्यावर अम्मच्चीनं त्यांचा दंड धरला. पट्टा सोडायला तिनं मदत केली नाही. तिनं तो गाठीपाशी ओढून बघितला, एक पीळ जास्त घातला, आणि पुढच्या झाडाकडे चालायला लागली. झोळी तिनं पुन्हा धरली होती.